वेचणीच्या दिवसांतलं वजन

आधी माफी मागतो. बायकांच्या शरीराबद्दल, त्यांच्या वजनाबद्दल माझ्यासारख्या पोरानं काही लिहावं, हे मला स्वतःलाच आगाऊपणाचं वाटतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. त्यामुळे शब्द जागेवर बसतायत की नाही, हे विचारायलाही कुणी नाही. ज्या दोघींबद्दल लिहितोय त्यांतल्या एकीला वाचता येत नाही आणि दुसरी हे वाचून हसेल. तरी लिहितो, कारण आज सकाळपासून मला दुसरं काही सुचत नाहीये.

अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, आज मायला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेली आहे. मायचं वजन व्हायचंय, रक्त तपासायचंय. गेली दोन वर्षं कापसाची वेचणी सुरू झाली की मायचं रक्त उतरतं. या खेपेला आकडा आणखी खाली गेला असेल तर भरती करून रक्त चढवावं लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी मागेच बजावलंय. अकरापर्यंत नंबर लागेल असं अक्का म्हणाली होती. आता एक वाजून गेला. मी वसतिगृहाच्या खोलीत बसलोय, फोन टेबलावर पालथा ठेवलाय, आणि दर दोन ओळींनी तो उलटून बघतोय.

काल गावाकडून परत येताना करमाडच्या पुढे रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागलेला दिसला. बाभळीला कापूस लागत नाही हे मलाही माहीत आहे. कापसानं भरलेले टेम्पो जवळून जातात, काटे त्यातला थोडा थोडा ओढून घेतात, आणि मग मैलभर झाडं पांढरी होऊन उभी राहतात. ती बाभळीची रांग दिसली की माझ्या डोक्यात एकच हंगाम येतो. तीन वर्षांपूर्वीचा. त्या हंगामात माझ्या हातात एक वही होती आणि एक वजनकाटा होता. त्या दोन्हींवर माझा फार विश्वास होता.

मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि अक्काकडे राहायचो. मुकुंदवाडीच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दाजी शेंद्र्याच्या एका कंपनीत कामाला. लग्नाआधी अक्का आमच्या गावातली सगळ्यात चपळ वेचणारी होती. तिची बोटं बोंडात शिरून बाहेर कधी यायची ते दिसायचंच नाही. आणखी एक गोष्ट तिला यायची. कापसाचं गाठोडं दोन्ही हातांनी जरासं उचलून ती वजन सांगायची. मग ते काट्याला लावलं की अर्ध्या किलोचाही फरक निघायचा नाही. बायका पैज लावायच्या आणि हरायच्या.

तिच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही शहरात आलो होतो, तेव्हा स्टेशनवरच्या लाल-हिरव्या दिव्यांच्या मशीनवर ती उभी राहिली होती. जाड पुठ्ठ्याचं तिकीट खटकन बाहेर पडलं. एका बाजूला भविष्य, दुसऱ्या बाजूला सत्तेचाळीस. भविष्यात काय लिहिलं होतं ते कुणाला आठवत नाही. तिकीट मात्र तिच्या पेटीत अजून आहे. मी तिच्याकडे राहायला गेलो तेव्हा ती अठ्ठ्याहत्तर किलोची होती. जिना चढताना दुसऱ्या मजल्याच्या खिडकीशी थांबायची आणि कुणी बघत असेल तर बाहेर काहीतरी बघतेय असं दाखवायची.

एकदा कपडे वाळत घालताना तिनं मला विचारलं, “भाऊ, तू कॉलेजात जातो, मला एक सांग. मी गावाकडं खात व्हते त्याच्यापेक्षा आता कमीच खाते. मग हे अंग कुठून येतंय?”

प्रश्न डोक्यात राहिला. पुढच्याच आठवड्यात कॉलेजात प्रकल्पाचे विषय वाटले, तेव्हा मी उभा राहून म्हणालो की मला बायकांचं राहणीमान आणि वजन या विषयावर काम करायचंय. वर्गात मागून कुणीतरी खोकलं. मॅडमनी मात्र विषय लिहून घेतला, एक वजनकाटा दिला, आणि सांगितलं की एक शहरातलं घर घे, एक गाव घे, तीन-चार महिने बघ, आणि घाईनं निष्कर्ष काढू नकोस. शेवटचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं. पाळलं नाही, एवढंच.

अक्काच्या घरात मी आधी बघायला शिकलो. रोज ज्या घरात जेवतो ते घर बघायला शिकावं लागतं, हे तोवर माहीत नव्हतं.

दाजींची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची. सकाळपाळी असली की अक्का चारला उठायची. दुसरी पाळी असली की दाजी रात्री उशिरा यायचे, आणि त्यांना एकट्याला ताट कसं वाढायचं म्हणून ती पुन्हा त्यांच्यासोबत दोन घास खायची. रात्रपाळी असली की दिवसभर घरात आवाज नको, म्हणून ती हळूहळू, बसल्या बसल्या कामं करायची. शिफ्टचा घाम दाजींच्या अंगातून निघायचा आणि शिफ्टचं वजन अक्काच्या अंगावर चढायचं. नळाला पाणी बरेच दिवसांनी यायचं आणि ते कधी येईल ते सांगता यायचं नाही, म्हणून त्या दिवशी घर सोडता यायचं नाही. बाकीच्या दिवशी घर सोडून जायचं कुठं, हा प्रश्न होताच.

मी एकदा म्हणालो, संध्याकाळी चालायला जात जा. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला माझ्या शहाणपणाची लाज वाटली. ती म्हणाली, “चालत जाईन, पण कुठं? वाटंत कुणी विचारलं, कुठं निघाल्या, तर काय सांगू? कुठंच नाय?”

मला हसू आलं, मग थांबलं. खरंच, गावात मी मायला कधी उगाच चालताना बघितलेलं नव्हतं. शेतात, विहिरीवर, चक्कीवर, कुणाच्या मयतीला. बाईच्या चालण्याला पुढं काहीतरी लागतं. ते पुढचं काहीतरी अक्काच्या आयुष्यातून लग्नानंतर गेलं होतं.

दुसरी गोष्ट मला बऱ्याच उशिरा दिसली. माझ्या प्रश्नावलीत ‘किती भाकरी-पोळ्या खाता’ असं होतं. अक्का सांगायची दोन, आणि ते खरं होतं. पण सगळ्यांची जेवणं झाल्यावर पातेल्यात उरलेला भात, दाजींनी टाकलेला पोळीचा तुकडा, माझ्या ताटातली भाजी, हे ती भांडी घासायला बसण्याआधी उभ्या उभ्या संपवायची. ते तिच्या लेखी जेवण नव्हतंच, आवराआवर होती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, “मग काय करू? अन्न टाकायचं का? गावाकडं बरं व्हतं, उरलंसुरलं म्हशीला जायचं.”

तिसऱ्या मजल्यावर म्हैस नव्हती. आणि म्हशीचं काम कुणीतरी करायलाच हवं, असं अक्कानं न ठरवता ठरवून टाकलं होतं. हे मी वहीत लिहिलं आणि मग खोडलं. बहिणीबद्दल असं कसं लिहायचं? आज वाटतं, सगळ्या वहीत तेवढी एकच ओळ मी स्वतःच्या डोळ्यांनी बघून लिहिली होती, आणि तीच खोडली.

मग दिवाळीच्या सुट्टीत काटा पिशवीत घालून गावी गेलो.

वेचणी तेव्हा भरात होती. ज्यांनी पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडांचं वावर त्या दिवसांत बघितलेलं नाही त्यांना ते लांबून मऊ वाटतं. जवळून तसं नाही. बोंड वाळलं की त्याच्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी होतात आणि नखाशेजारी रुततात. सकाळी दव असतं. दवातला कापूस जड भरतो, हे प्रत्येक बाईला माहीत असतं, म्हणून उजाडतं तेव्हाच सगळ्या वावरात असतात. पदर कमरेला खोचलेला, पोटाशी बांधलेली ओटी, आणि अंगात साडीवरून पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, हात ओरबाडू नयेत म्हणून. कुणाच्या अंगात नवऱ्याचा, कुणाच्या अंगात दिराचा. मायच्या अंगात माझा दहावीचा शाळेचा शर्ट होता. खिशावर शाळेचं चिन्ह अजून होतं. ओटी भरत गेली की बाई समोरून पोटुशीसारखी दिसायला लागते, आणि रिकामी केली की पुन्हा काडी.

बांधावरच्या कडुलिंबाखाली दुपारची भाकरी झाली की मी काटा मांडायचो. पहिल्या दिवशी मी एक छोटं भाषणही केलं. आता आठवलं की कानशिलं तापतात. मी सांगितलं की काट्यावर उभं राहायचं, मी आकडा लिहीन, आणि ज्यांचं वजन पंचेचाळीसच्या खाली भरेल त्यांनी रक्त तपासायला करमाडच्या दवाखान्यात जायचं. मला वाटलं, मी त्यांच्या भल्याचं बोललो.

बायकांनी माझी यथेच्छ खेचली. मला त्या मास्तर म्हणायच्या. शांतामावशी, मायची वेचणीतली जोडीदारीण, काट्यावर चढली, उतरली, मग विचार करून म्हणाली, “मास्तर, एका पायावर उभं राह्यलं तर निम्मंच भरंल का?” दुसऱ्या एकीनं म्हशीचंही वजन करून घे म्हणून सुचवलं, तिचं तरी काही मोल येईल. मी आकडा वाचायला वाकायचो तेव्हा मला फक्त पाय दिसायचे. टाचांच्या भेगांत काळी माती बसलेली, जोडवी झिजून तारेसारखी झालेली. अक्काचे पाय मऊ, फुगीर आणि कायम थोडे ओले असायचे. हे पाय लाकडासारखे होते. मला तेव्हा वाटलं की उत्तर इथंच आहे, या दोन तऱ्हेच्या पायांच्या मधोमध.

माय सगळ्यात शेवटी, तिसऱ्या दिवशी आली. काट्यावर दोन्ही हात पोटाशी धरून उभी राहिली. शेहेचाळीस. मी खुशीत आकडा मोठ्यानं वाचला. महिन्यानं पुन्हा गेलो, पुन्हा शेहेचाळीसच्या आसपास. त्यानंतर महिन्यानं तिसऱ्यांदा, तेच. बाकीच्या दोघी-तिघी त्या हंगामात उतरल्या होत्या. माय मात्र शेहेचाळीसवर खुंटा ठोकल्यासारखी.

त्याच दिवसांत मायनं मला अक्काचा फोटो बायकांना दाखवायला लावला होता. मोबाइलमध्ये होता, कुणाच्या तरी बारशातला. बायका एकमेकींच्या डोक्यावरून वाकून बघत होत्या आणि माय सगळ्यांना सांगत होती की पोरगी सुखात आहे, अंगानं कशी भरलीय बघा, हाडं दिसायची हो हिची. कुणालाच त्यात शंका नव्हती. सासरी गेलेली पोर वाळली तर काळजी, भरली तर नशीब काढलं. दुसऱ्या मजल्याची खिडकी मायला माहीत नव्हती. मी सांगितलीही नाही. सांगावी असं मला तेव्हा वाटलंच नाही, याचं आज नवल वाटतं.

मी शहरात परत आलो आणि प्रकल्प लिहून काढला. नावं दिली नाहीत. अक्का ‘उदाहरण अ’, माय ‘उदाहरण ब’. अ शहरात राहते, हालचाल कमी, जेवणाच्या वेळा अनियमित, वजन जास्त, दम लागतो. ब शेतात काम करते, दिवसभर हालचाल, साधा आहार, वजन संतुलित व स्थिर. शेवटी जाड अक्षरात लिहिलं की श्रमाचं जीवन हेच स्त्रीच्या आरोग्याचं रहस्य आहे. वर्गात वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. मॅडमनी फक्त एवढंच विचारलं की उदाहरण ब चं वजन तीन महिने हललंच नाही, हे तुला विचित्र वाटलं नाही का? मी म्हणालो, मॅडम, मेहनतीचं शरीर आहे.

अक्काला तो प्रकल्प वाचायचा होता. मला द्यायचा नव्हता, पण तिच्याच घरात राहून किती दिवस लपवणार? तिनं तो ओट्याशी उभं राहून वाचला, गॅस बारीक करून. वाचून झाल्यावर भाजी ढवळली. मग म्हणाली, अक्षर सुधारलंय तुझं. त्या दिवशी तिनं पातेल्यातला भात संपवला नाही. एका वाटीत काढून झाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी तो विटला, मग फेकताना तिला रडू आलं. भातासाठी आलं की कशासाठी, ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

संक्रांतीला आम्ही दोघं गावी गेलो. दुपारी अंगणात बसलो होतो. माय वावरातून आलेली, माझा शर्ट अजून अंगात. अक्कानं माझी वही मागितली आणि एकाएकी म्हणाली, “मायचं शेहेचाळीस लिह्यलंय तू?”

मी व्हय म्हणालो.

अक्का उठली, मायसमोर गेली, तिच्या दोन्ही काखांत हात घातले आणि तिला जमिनीवरून चार बोटं उचललं. अगदी गाठोडं उचलतात तसं, जरासं, अंदाजापुरतं. माय हसत होती, ओरडत होती की पडशील मला घेऊन. अक्कानं तिला खाली ठेवलं. ती धापा टाकत होती, पण तिचा चेहरा मी कधी बघितला नव्हता असा झाला होता.

“चाळीस,” ती म्हणाली. “लई तर साडेचाळीस. शर्टासकट.”

मी काटा आणला. मायनं नकार दिला, पाणी तापायला ठेवायचंय म्हणाली, अक्कानं हात सोडला नाही. काटा चाळीस आणि एक्केचाळीस यांच्या मधे कुठेतरी थांबला. साडेचाळीस.

मग माय घरात गेली आणि कोपऱ्यातल्या जुन्या तराजूपाशी बसली. आता कापूस टांगत्या काट्यावर मोजतात, तो तराजू कुणी वापरत नाही. तिनं त्यातली लोखंडी मापं एकेक करून आमच्यासमोर फरशीवर मांडली. पहिल्या खेपेला दोन किलोची दोन, ओटीत गुंडाळून, शर्टाच्या आत. दुसऱ्या महिन्यात त्यावर एक किलो. तिसऱ्या महिन्यात आणखी अर्धा. मी तीन महिने वाकून वाकून जे वाचत होतो त्यात साडेपाच किलो लोखंड होतं.

मी विचारलं, कामून केलं असं?

ती शांतपणे म्हणाली, “तूच म्हणला व्हता, पंचेचाळीसच्या खाली असलं की दवाखाना. वेचणी सोडून कोण जातंय दवाखान्यात? आन् सगळ्या बायकांच्या देखत तुह्या वहीत मह्या नावापुढं कमी आकडा बरा दिसला असता का?”

आमच्याकडे सगळा हंगाम वजनावर चालतो. जे भरतं ते चांगलं, जे हलकं ते हिणकस. दवातला कापूस जड भरतो हे जिला माहीत आहे, तिनं स्वतःला जड भरवलं तर तिचं काय चुकलं? चूक माझ्या भाषणाची होती. मी त्यांच्यापुढे काटा ठेवला होता आणि कितीपर्यंत भरायचं तेही सांगून टाकलं होतं. शांतामावशीनं नंतर हसत कबूल केलं की तिच्याही ओटीत एक दगड होता, बऱ्यापैकी.

पण मला राहून राहून एकच गोष्ट खटकत होती. प्रत्येक वेळी किती लोखंड वाढवायचं हे मायला कसं कळलं? तिनं तर स्वतःचं वजन एकदाही केलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा तिनं शर्टाची बाही वर केली आणि हात उभा धरला. काचेच्या बांगड्या मनगटावरून सरळ घसरत कोपराशी जाऊन थांबल्या. पहिल्यांदा इथं थांबायच्या, म्हणाली, मग इथं, मग इथं. तिनं हातावर तीन ठिकाणी बोट ठेवलं.

मी त्या रात्री मापांची बेरीज-वजाबाकी केली. बेचाळीस, एक्केचाळीस, साडेचाळीस. म्हणजे खरी नोंद झाली होती, अगदी व्यवस्थित, महिन्याच्या महिन्याला. माझ्या वहीत ती नव्हती, एवढंच. ती मायच्या हातावर होती आणि त्या मापांत होती. ज्या बाईला अक्षर येत नाही तिनं माझ्यापेक्षा चोख नोंद ठेवली होती, आणि माझ्यापासून लपवली होती. मला राग यायला हवा होता. मला फक्त बांगड्या थांबत होत्या त्या जागा पुन्हा बघाव्याशा वाटत होत्या.

पुढच्या आठवड्यात अक्का मायला घेऊन शहरातल्या दवाखान्यात गेली, मीही सोबत होतो. मायनं अट घातली की तूही तपासून घे, मी एकटी सुई टोचून घेणार नाही. डॉक्टरीणबाईंनी दोघींचे कागद शेजारी शेजारी ठेवले. अक्काच्या कागदावर थायरॉइडचं निघालं, ते अपेक्षित असावं. पण रक्ताच्या ओळीत दोघींचाही आकडा खाली होता. चाळीस किलोची बाई आणि अठ्ठ्याहत्तर किलोची बाई, दोघींच्या अंगात एकाच गोष्टीची कमतरता. मी विचारलं, असं कसं? बाई म्हणाल्या, दोघी शेवटी जेवतात ना? माय शेवटी जेवते तेव्हा पातेल्यात काही नसतं. अक्का शेवटी जेवते तेव्हा नुसता भात असतो. भाजी, डाळ, अंडं दोघींपर्यंत पोहोचतच नाही.

मी खाली बघितलं. चार पाय दिसले, दोन लाकडासारखे, दोन फुगलेले. मी इतके दिवस त्यांच्यातला फरक शोधत होतो.

प्रकल्प परत मागून घेतला. मॅडमनी विचारलं, निष्कर्ष काय लिहिणार? मी म्हणालो, माहीत नाही. त्या म्हणाल्या, मग तेवढंच लिही. मी ते खोडलेलं म्हशीचं वाक्य पुन्हा लिहिलं, आणि बांगड्यांचं. टाळ्या या वेळी पडल्या नाहीत, कारण वाचायला सांगितलंच नाही.

त्यानंतर सगळं सुधारलं असं नाही. अक्काच्या गोळ्या सुरू झाल्या, वजन थोडं उतरलं, थोडं परत आलं. खालच्या मजल्यावर रझिया आपा राहतात, साड्यांना फॉल-पिको करतात. दिवसभर मशीनवर बसून त्यांचेही पाय सुजायचे. अक्कानं त्यांना चालण्याची अडचण सांगितली तेव्हा त्यांनी एका वाक्यात ती सोडवली. “हाथ में थैली ले ले, फिर कोई नै पूछता कां जारे.” तेव्हापासून दोघी रोज संध्याकाळी रिकाम्या पिशव्या घेऊन निघतात. बघणाऱ्याला वाटतं बाजाराला चालल्यात. बाजार उजव्या हाताला राहतो, त्या डावीकडे वळतात. एकदा दाजींनी विचारलं की रोज एवढं काय आणता, तर अक्कानं पिशवी उलटी करून दाखवली. आतून फक्त रझिया आपांच्या दोऱ्याचं एक रीळ पडलं. दाजी आता उरलेला भात स्वतः संपवतात. आम्ही त्यांच्या पोटाकडे बघतो आणि काही बोलत नाही.

माय मात्र दर वेचणीला उतरते. गोळ्या घेते, उन्हाळ्यात सावरते, पऱ्हाटी फुटली की पुन्हा तिचं आधी सगळ्यांचं आणि मग आपलं सुरू होतं. दवाखान्यात चल म्हटलं की गेल्या दोन्ही वर्षी एकच उत्तर, वेचणी होऊ दे. या वर्षी काल मी गावाहून परतल्यावर अक्का स्वतः तिकडे गेली. तिकडे काय बोलणं झालं मला माहीत नाही. सकाळी सहाला अक्काचा फोन आला की निघालोय, माय सोबत आहे, वावर अर्धं राहिलंय पण आली आहे. मी काहीतरी बोललो असेन. वेचणी अर्धी सोडून माय स्वतःसाठी कुठे गेली, असं माझ्या आठवणीत हे पहिल्यांदाच.

म्हणून सकाळपासून हे लिहीत बसलोय. लिहिता लिहिता असं वाटत राहिलं की वजन नेमकं कशाचं करतात? अक्काच्या अठ्ठ्याहत्तरात मायला सुख दिसलं. मायच्या शेहेचाळीसात मला आरोग्य दिसलं. दोन्ही आकडे काट्यानं बरोबरच दाखवले होते.

पावणेतीनला फोन वाजला. आधी नुसता गलका, कुणाचं तरी नाव पुकारत होते. मग अक्काचा आवाज, धाप लागलेला.

“वर गेलंय,” ती म्हणाली. “लई नाय, पण वर. भरती नाय करत. महिन्यानं परत बोलावलंय.”

मी विचारलं, वजन?

“बेचाळीस सातशे. मी आधीच उचलून सांगितलं व्हतं, त्रेचाळीस. ती नर्स हसली मला.” मग तिनं आवाज खाली केला. “आन् ऐक. काट्यावर चढायच्या आधी मायनं आपणहून शर्ट काढला. बांगड्याबी काढत व्हती. म्हणलं, राहू दे.”

मागून मायचा आवाज आला, काय म्हणतो तो, जेवला का विचार.

मी अक्काला विचारलं, तुला एवढी धाप का लागलीय?

“लिफ्ट बंद हाय इथली. रक्ताचा रिपोर्ट तिसऱ्या मजल्यावर. गेले चढून.”

कुठं थांबली नाहीस?

“थांबले की. दुसऱ्या मजल्यावर, खिडकीशी,” अक्का म्हणाली. “माय मागं राह्यली व्हती. तिच्यासाठी थांबले.”